एका शिरेचा निवाडा

गतवर्षींच्या वार्षिक परीक्षेंत आमच्या हातून एका विद्यार्थ्यावर अन्याय घडला. तो या पानांवर कबूल करणें आम्हांस अवश्य वाटतें. कारण ज्या पालकांसमोर बक्षिसें वांटलीं गेलीं, तेच हें पान वाचणार.

प्रात्यक्षिकाच्या वेळीं टांचणीस टोंचलेला एक कीटक आम्हीं मेजावर ठेविला होता. पिंगट अंग, पोटावर पट्टे. बहुतेकांनीं 'मधमाशी' असें लिहिलें. पेटींतील आमच्या चिठ्ठीवरही तेंच होतें. एकानें मात्र 'मधमाशी नव्हे, साधी माशी' असें लिहिलें. शेजारी ठेविलेलें भिंग वापरणाराही तो एकटाच. आम्हीं तांबड्या शाईनें शून्य दिलें आणि वर 'नीट पाहावें' असा शेराही मारला! त्या गुणांपायीं त्याचें बक्षीस हुकलें.

पुढें सुटींत पेटी झाडतांना तेंच भिंग आमच्या हातीं आलें, आणि नीट पाहावयाचें आमचेंच राहून गेलें होतें असें दिसून आलें.

मधमाशीस पंख चार व माशीस दोन, हें चौथीचा मुलगाही सांगेल. परंतु मोजणें वाटतें तितकें सोपें नाहीं. मधमाशीच्या मागल्या पंखाच्या कडेस बारीक आंकड्यांची रांग असते. ते पुढल्या पंखाच्या दुमडींत अडकले कीं दोहोंचा एकच पंख भासतो. शिवाय केंस झडतात, रंग उडतो. टिकतें तें पंखांवरील शिरांचें जाळें. कीटक कोशांतून बाहेर पडतो तेव्हां पंख चुरगळलेले असतात. शिरांतून रक्त खेळून ते पसरतात व ताठ होतात, आणि मग ती नक्षी मरेपर्यंत बदलत नाहीं. जिनीव्हाचे लुई ज्यूरीन यांनीं १८०७ सालींच या नक्षीच्या आधारें मधमाश्या व गांधीलमाश्या यांचें वर्गीकरण मांडिलें होतें.

मधमाशीच्या पुढल्या पंखाच्या वरच्या कडेस एक लांबच लांब कोठडी असते व तिच्या खालीं तीन लहान कोठड्या. पानें कातरणाऱ्या माशीस त्या तिहींच्या जागीं दोनच. आमच्या कीटकास यांपैकीं कांहींच नव्हतें. पंखाच्या मध्यभागीं एक खोटी शीर होती, जिचीं टोकें कोणत्याही शिरेस मिळत नव्हतीं. आणि टोकाकडील एक शीर खालीं खोल वांकली होती. फुलांवर मधमाशीचें सोंग घेऊन वावरणाऱ्या माशीची ही खूण होय.

आम्ही त्या मुलाच्या घरीं गेलों. त्याचे वडील सातेरी मधमाश्या पाळतात. "सर, आपण कशाला त्रास घेतलात?" असें ते म्हणाले, मुलगा दाराआड उभा. तुला कसें कळलें, असें विचारतां तो हळूच म्हणाला, "आमच्या माश्यांच्या पंखांत ती वांकडी शीर नसते, सर." मग भीड चेपून त्यानें दोन कांचांमध्यें ठेविलेले पंख आणून दाखविले. एक सातेरीचा मागला पंख, एक विलायती मधमाशीचा. सातेरीच्या पंखांत एक शीर थोडी पुढें वाढलेली असते. विलायतीस तेवढा तुकडा नसतो. हें आम्हांस नवीन होतें.

हेडमास्तरांच्या संमतीनें गुण दुरुस्त झाले. दिलेलें बक्षीस दुसऱ्या मुलाकडून परत घेणें योग्य नव्हे, म्हणून त्याच पुस्तकाची आणखी एक प्रत आम्हीं पदरमोड करून घेतली. पेटींतील चिठ्ठी आतां त्याच्या अक्षरांत आहे. वळण तितकेंसें चांगलें नाहीं. मजकूर मात्र बरोबर आहे.