खोर्लीचा अमेरिकन शिपाई

जुन्या खेळण्यांचा संग्रह म्हटला की आपल्याकडे मान लाकडाला. सावंतवाडीच्या चितार आळीतली फळं, कुंकळ्ळीच्या चितारींचं लाखकाम, आणि थोडं लांब जायची तयारी असेल तर तेलंगणातलं निर्मल. (हे गाव २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होतं, आता स्वतःच जिल्हा झालंय.) निर्मलच्या हलक्या लाकडी पशुपक्ष्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, लिहावंच. मला मात्र आज लिहायचंय प्लास्टिकच्या एका शिपायावर. त्याला मानांकन वगैरे काही मिळणार नाही, पण तो चक्क आपल्या तिसवाडीतला आहे!

जी. आय. जो. नाव आठवतंय? अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने १९६४ साली फूटभर उंचीचा हा सैनिक बाजारात आणला. मुलगे बाहुलीशी खेळणार नाहीत, म्हणून त्याला 'बाहुली' म्हणायचंच नाही असं ठरलं आणि 'अ‍ॅक्शन फिगर' हा शब्द रूढ झाला. १९८२ मध्ये तो पावणेचार इंचांचा होऊन परत आला. मालिकेचं नाव 'अ रिअल अमेरिकन हिरो'. आपल्याकडे १९८७ साली एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांची फनस्कूल कंपनी निघाली, तिचा कारखाना आला खोर्लीला. जुने गोवे सोडून फोंड्याच्या वाटेला लागलं की लागते ती खोर्ली. म्हणजे हा अस्सल अमेरिकन वीर भारतातल्या मुलांच्या हातात पडला तो गोव्यात घडून.

त्याआधी आमच्याकडे शिपाई म्हणजे जत्रेतल्या फेरीत पिशवीभर मिळणारे हिरवे, एकाच पवित्र्यात गोठलेले. बंदूक रोखलेला कायम रोखलेलाच. हा नवा मात्र कोपरात वाकायचा, गुडघे टेकायचा, मान वळवायचा. आतली रचना पाहाल तर हसाल. पाठीत एक स्क्रू, आणि पोटात रबराचं एक काळं कडं, ज्याने धड आणि पाय एकत्र धरलेले. सगळा पराक्रम त्या कड्यावर! ते सुकलं की शिपाई कमरेत दोन तुकडे होतो. आपल्या दमट हवेत स्क्रूही गंजतो, तेव्हा उघडताना घाई करू नये. नवं कडं घातलं की गडी पुन्हा उभा. दुसरी दुखरी जागा अंगठा. बंदूक जोरात खुपसली की तो मोडतो, आणि त्याला इलाज नाही.

विकत घेणाऱ्याने एक ध्यानात ठेवावं. अंगावर कोरलेलं साल हे साच्याचं असतं, त्यावरून खेळणं कधी बनलं ते ठरवता येत नाही. अमेरिकेत जुने झालेले साचे परदेशी पाठवले जात, ब्राझीललाही गेले, भारतातही आले. साचा तोच, पण प्लास्टिकचा रंग निराळा आणि वरचं रंगकामही निराळं. तिकडे खाकी असलेला इथे भलत्याच रंगात. माझ्या मते यातच सगळी गंमत आहे. अमेरिकेत ही मालिका १९९४ मध्ये थांबली, आपल्याकडे पुढेही काही वर्षं चालू राहिली, आणि तिकडच्या संग्राहकांनी हे 'चुकीचे' रंग आवडीने मागवले. दूरदर्शनवर स्ट्रीट हॉकने पोरांना वेड लावलं होतं, तेव्हा फनस्कूलने जो मालिकेच्याच भागांतून त्याचा मोटारसायकलस्वार काढला. हा खास इथला. परदेशी संग्राहक त्याच्यासाठी जीव टाकतात.

गाड्यांबद्दल मी फार बोलणार नाही. त्यांची चाकं, तोफा, झाकणं पहिल्या पावसाळ्यातच हरवलेली असतात, आणि पूर्ण गाडी मिळाली तर किंमत ऐकून आपण चहा मागवतो.

माझ्याकडे सात शिपाई आहेत. एकही खोक्यातला नाही. न उघडलेलं पाकीट भिंतीला टांगणारे संग्राहक मला कळत नाहीत. ते खेळणं अजून खेळणं झालेलंच नाही. एका शिपायाच्या पायावर निळ्या बॉलपेनाने कुणीतरी 'कॅप्टन' लिहिलंय. बाजारात त्यामुळे त्याचा भाव उतरतो, माझ्याकडे तो पहिल्या रांगेत आहे.

तिकडे लोकांनी यांच्या याद्या केल्या, कुठल्या पाकिटावर कुठला रंग इथपर्यंत. आपल्याकडे घर आवरताना हे शिपाई तुटक्या बादल्यांबरोबर भंगारवाल्याकडे गेले. लाकडाचा घोडा असता तर कुणीतरी पुसून शोकेसमध्ये ठेवला असता. खोर्लीत ज्यांनी हे हजारो चिमुकले चेहरे रंगवले, ती माणसं आज साठीच्या आसपास असतील. तिसवाडीत, फोंड्यात तुमच्या शेजारीही असतील. असतील तर मला जरूर कळवा. मी शिपाई घेऊन येतो त्यांच्याकडे.