शेरदिल राजाचा पडका किल्ला

आजारी शत्रूला फळे आणि बर्फ पाठवणारे सुलतान सलाहुद्दीन अय्युबी (रह.) आपल्या घराघरांत ठाऊक आहेत. तो शत्रू म्हणजे इंग्लंडचा राजा रिचर्ड, आपल्या उर्दू पुस्तकांतला ‘शेरदिल’. त्याचा आवडता किल्ला मात्र फ्रान्सच्या नॉर्मंडी भागात, सीन नदीच्या वळणावर आहे. नाव शातो गायार. माझी भाची पॅरिसमध्ये शिकते, तिच्याकडे सुट्टीत गेले म्हणून तो पाहता आला.

लेझांदली गावातून चढण चांगलीच उभी आहे. पांढऱ्या चुनखडीच्या कड्यावर मधला बुरूज अजून तग धरून आहे. आतल्या तटाला मडकी ओळीने मांडावीत तसे अर्धगोल फुगवटे आहेत. असा तट मी कुठेच पाहिला नव्हता. 1196 ते 1198, एवढ्या थोड्या काळात हे सारे उभे राहिले. पुढच्याच वर्षी रिचर्ड बाण लागून मेला. किल्ला पुढे 1599 नंतर राजाच्या हुकमाने पाडायला घेतला.

खंदकाजवळच्या गवतावर आम्ही दोघींनी जोहरची नमाज पढली. मग भाची म्हणाली, “खाला, ते गावकरी इथेच अडकले होते.”

1203 मध्ये फ्रान्सचा राजा फिलिप याने वेढा घातला. खालच्या गावातले लोक, बायकापोरांसह, आसऱ्याला किल्ल्यात आले होते. धान्य पुरेना, तेव्हा किल्लेदाराने त्यांना बाहेर काढले. पहिल्या टोळ्यांना फ्रेंच सैन्याने जाऊ दिले. नंतर फिलिपने मनाई केली. किल्ल्याचा दरवाजाही बंद. शेकडो माणसे दोन्ही सैन्यांच्या मध्ये, उघड्यावर, नॉर्मंडीच्या हिवाळ्यात राहिली. गवत खाल्ले, कुत्री खाल्ली. कित्येक मेले. किल्लेदाराची स्वामिनिष्ठा इतिहासकार वाखाणतात. मला काही ते जमत नाही.

बाराच वर्षांपूर्वी, 1191 मध्ये, रिचर्ड आणि फिलिप दोघे मिळून अक्काच्या वेढ्यात होते. (वर्गात हे शहराचे नाव घेतले की मराठी मुले हसतात.) फिलिप मायदेशी परतला आणि रिचर्डने सुमारे 2,700 मुस्लिम कैदी शहराबाहेर कापून काढले. तिथे परधर्माचे म्हणून मारले असे आपण शिकवतो, आणि ते खरेही आहे. पण इथे मारणारे आणि मरणारे दोघेही ख्रिस्तीच होते. भुकेने कोणाचा धर्म विचारला नाही.

शेवटी फिलिप स्वतः तिथे आला, तेव्हा लोकांनी त्याच्याकडे गयावया केली. त्याने त्यांना सोडून अन्न द्यायला सांगितले. त्याच्या पदरच्या बखरकाराने लिहून ठेवले आहे की एका माणसाच्या हातात कुत्र्याची तंगडी होती. टाक म्हटले तरी तो टाकेना. पोटभर भाकरी मिळाल्याशिवाय सोडणार नाही, म्हणाला.

किल्ला 6 मार्च 1204 रोजी पडला.