पुण्यभूमीची वहिवाट

मादबा

तीर्थस्वरूप आक्कास सप्रेम सलाम.

नबो पर्वताच्या माथ्यावरून मोशेला जो वचनदत्त देश दुरून दाखविण्यात आला, पण ज्यात पाऊल ठेवण्याची मुभा त्याला मिळाली नाही, तो देश आज सकाळी त्याच माथ्यावरून मी पाहिला. खाली यार्देनचे खोरे, डाव्या हाताला क्षारसमुद्र, समोर यरीहोची हिरवळ आणि तिच्या पाठीशी यहूदियाचे उघडे डोंगर, असा तो विस्तार न्याहाळताना मनात प्रथम आले ते हे, की प्रभूच्या सेवाकार्याचा जवळजवळ सगळा मुलूख आपल्या एका नगर जिल्ह्यात सहज मावेल. निरभ्र दिवशी यरुशलेमही दिसते म्हणतात. आज मात्र क्षितिज धुरकट होते.

नबोपासून मादबा जवळच आहे. तेथे ग्रीक पंथाच्या संत जॉर्जच्या मंदिरात, फरसबंदीवर, रंगीत खड्यांनी जडवलेला पुण्यभूमीचा सहाव्या शतकातील नकाशा आहे, आणि भूमापनाच्या कचेरीत उमर गेलेल्या माझ्यासारख्या माणसाला त्याच्यापुढून हलणे किती कठीण गेले असेल ह्याची कल्पना तुला येईल. करकहून येऊन येथे वसलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी जुन्या मंदिराच्या अवशेषांवर नवे मंदिर बांधावयास घेतले, तेव्हा १८८४ मध्ये तो उजेडात आला. पुष्कळ भाग आधीच नष्ट झालेला होता, पण जो उरला आहे तो अपूर्व आहे. पूर्व दिशा वर धरलेली आहे. यार्देनमधून खाली पोहत आलेला मासा क्षारसमुद्राच्या मुखाशी येताच माघारी वळलेला आहे. आणि तटबंदीच्या लांबट वर्तुळात यरुशलेम रेखाटले असून, मधोमध खांबांचा राजरस्ता व त्याच्या ऐन मध्यावर सोनेरी घुमटाचे पुनरुत्थानमंदिर दाखविले आहे. ५४२ मध्ये समर्पित झालेले मरियेचे नवे मंदिरही त्यात आहे. गेल्या शतकात जुन्या यरुशलेमात उत्खनन झाले तेव्हा हा रस्ता आणि हे मंदिर, दोन्ही, नकाशाने सांगितलेल्या जागीच निघाली. ज्या अनामिक कारागिराने गुडघे टेकून हे खडे बसवले, त्याच्या मोजणीवर माझा पूर्ण विश्वास बसला आहे.

मी निघताना तू विचारलेस, की दाखवतात त्या जागा खऱ्या कशावरून. आणि बाबांची शिकवण तर तुला-मला पाठच आहे, की देव चुन्यादगडात राहात नाही. तुझा प्रश्न मी ह्या पत्रांतून वागवणार आहे, कारण मिळकतीच्या प्रत्येक दाव्यात तोच उभा राहतो: सनद हाती नसेल तर हक्क कशावरून मानावयाचा?

तुझा,
भाऊ

बेथलेहेम

तीर्थस्वरूप आक्कास सप्रेम सलाम.

यरुशलेमपासून बेथलेहेम जेमतेम दोन-तीन कोस. पण आता मध्ये काँक्रीटची उंच भिंत आणि तपासणीची चौकी आहे. कैसराच्या हुकुमावरून नावनिशी लिहिण्यासाठी एक गरोदर बाई ज्या गावी आली, त्या गावच्या बायांना आजही परवाना दाखवल्यावाचून वेशीबाहेर यरुशलेमास जाता येत नाही, हे पाहून मला जे दुःख झाले ते मी तुझ्यापासून लपवीत नाही. येथे पिढ्यान्‌पिढ्या राहात आलेले अरब ख्रिस्ती आता थोडेच उरले आहेत. आपल्यासारखे यात्रेकरू प्रभूच्या जन्माची गुहा पाहतात, जैतुनाच्या लाकडाच्या मूर्ती विकत घेतात आणि परत फिरतात. ज्यांनी ती गुहा सांभाळली त्यांच्या दारी बसून दोन शब्द बोलण्यास मात्र फार थोड्यांना सवड होते.

जन्ममंदिराचा दरवाजा अवघा चार फूट उंच आहे, आणि त्याच्याभोवती भिंतीत बुजवलेल्या मोठ्या कमानीच्या खुणा स्पष्ट दिसतात. आतले मंदिर सहाव्या शतकात बादशहा जस्टिनियनच्या अमदानीत उभारले गेले; त्याच्याही खाली कॉन्स्टंटाइनच्या काळच्या फरसबंदीचे तुकडे आहेत. ६१४ मध्ये इराणी फौजेने हा सारा प्रदेश उद्ध्वस्त केला, तरी हे मंदिर बचावले. भिंतीवरील चित्रात मागी लोकांचा पोशाख आपल्याच देशाचा दिसला म्हणून त्यांचा हात थांबला, अशी आख्यायिका आहे.

गुहेत संगमरवरावर चौदा कोनांचा चांदीचा तारा जडवला आहे. १८४७ मध्ये त्याच्या जागचा तारा नाहीसा झाला आणि त्यावरून लॅटिन व ग्रीक पंथांत, आणि त्यांच्या पाठीशी असलेल्या फ्रान्स व रशियाच्या दरबारांत असा तंटा पेटला, की क्रिमियाच्या युद्धाच्या कारणांत इतिहासकार त्याची गणना करतात. १८५२ मध्ये उस्मानी सुलतान अब्दुल मजीद याने फर्मान काढून, ज्याची जेथे वहिवाट असेल तेथे ती तशीच चालावी, असा निवाडा केला, आणि तोच निवाडा आजतागायत अमलात आहे. कोणता दिवा कोणी लावावयाचा, कोणती पायरी कोणी झाडावयाची, हे सारे ठरलेले आहे. कारण झाडणे आणि दुरुस्त करणे हा येथे मालकीचा पुरावा समजला जातो. ह्यामुळे छपराची गळती पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहिली, आणि २०११ च्या डिसेंबरात झाडलोटीच्या हद्दीवरून धर्मसेवकांत मारामारीही झाली. पंढरपूरच्या बडवे-उत्पातांचे दावे ऐकत वाढलेल्या महाराष्ट्रीय माणसाला हे अपरिचित नाही. पण म्हणून ते कमी क्लेशकारक होत नाही.

ह्या मंदिराच्या शेजारच्या एका गुहेत मला जी शांती लाभली ती मात्र कोणत्याही फर्मानाच्या पलीकडची होती. ती गुहा संत जेरोमची म्हणून दाखवतात. तो ३८६ पासून ४२० मध्ये मृत्यू येईपर्यंत बेथलेहेमात राहिला आणि येथेच त्याने इब्री शास्त्र लॅटिनमध्ये उतरवले. त्याच्याबरोबर पौला नावाची एक धनाढ्य रोमन विधवा आली होती. तिने आपल्या द्रव्यातून येथे स्त्रियांचे मठ आणि यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारली, आणि स्वतः इब्री भाषेचा अभ्यास केला. पंडिता रमाबाईंचे मराठी शास्त्र माझ्या हाती होते. केडगावच्या मुक्तिसदनात अनाथ स्त्रियांच्या संसाराचा भार वाहात, इब्री आणि ग्रीक शिकून, १९२२ मध्ये देह ठेवण्यापूर्वी ज्यांनी हे भाषांतर पुरे केले, त्या आपल्या रमाबाईंना पौला आणि जेरोम ह्या दोघांचेही काम एकटीने करावे लागले! तेथे बसून मी लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय मराठीत मोठ्याने वाचला, आणि जवळ उभी असलेली एक वृद्ध अरब बाई, एक अक्षरही कळत नसताना, शेवटी 'आमेन' म्हणाली.

तुझा,
भाऊ

यरुशलेम

तीर्थस्वरूप आक्कास सप्रेम सलाम.

दमिष्क वेशीबाहेर एक सुंदर बाग आहे. १८८३ मध्ये जनरल गॉर्डनने तेथील कवटीसारख्या कड्याला गुलगुथा ठरवले, आणि त्या कड्याजवळची कबर हीच प्रभूची कबर, अशी समजूत आपल्या सुधारित पंथाच्या लोकांत दृढ झाली. बाग निर्मळ आहे, तेथे शांतपणे प्रार्थना करता येते, पाठीमागे फुले आहेत, आणि बाबा येथे आले असते तर ह्याच बागेत रमले असते. पण पुराव्याच्या दृष्टीने पाहता ती कबर प्रभूच्या कित्येक शतके आधीची, यहूदाच्या राजांच्या काळातली, असा उत्खननशास्त्रज्ञांचा निर्णय आहे, आणि नवी खोदलेली कबर असा जिचा निर्देश शुभवर्तमानात आहे ती ही नव्हे, हे मला मान्य करावे लागते.

उलट जुन्या शहरातले पुनरुत्थानमंदिर पाहा. अंधारे, धूपाच्या धुराने काळवंडलेले, सहा पंथांच्या वाट्यांनी विभागलेले. एकाची घंटा थांबत नाही तोच दुसऱ्याचे स्तोत्र सुरू होते. हबशी साधू तर छपरावरच्या कोठड्यांत राहतात. ज्याला एकांताची सवय आहे त्याचे मन येथे आरंभी बिथरते. 'कबर नगराबाहेर होती, हे तर तटाच्या आत आहे,' असा आक्षेप पूर्वी घेतला जाई. पण तिसरा तट हेरोद अग्रिप्पाने ४१ ते ४४ ह्या काळात, म्हणजे वधस्तंभाच्या घटनेनंतर दहाबारा वर्षांनी घातला, तेव्हा त्या दिवशी ही जागा वेशीबाहेरच होती. चतुःसीमा मागाहून सरकल्या, एवढेच. मंदिराच्याच एका काळोख्या कोपऱ्यात, सुरियानी पंथाच्या ओसाड देवडीमागे, खडकात खोदलेल्या पहिल्या शतकातील यहुदी कबरी आहेत. मेणबत्ती धरून मी आत वाकून पाहिले. यहुदी लोक वस्तीत प्रेत पुरत नसत, म्हणून हे स्थळ तेव्हा गावाबाहेरचे होते ह्याला ह्याहून उत्तम साक्षीदार कोणता?

हेड्रियन बादशहाने दुसऱ्या शतकात नगर नव्याने वसवले. ह्या जागेवर भराव घालून व्हीनस देवीचे देऊळ बांधले गेले होते, असे युसेबियस लिहितो. कॉन्स्टंटाइनच्या अधिकाऱ्यांना स्थळ हवे होते तेव्हा यरुशलेमच्या मंडळीने त्याच देवळाकडे बोट दाखवले, वास्तविक शेजारी मोकळी जमीन घेणे किती तरी सोपे होते. सुमारे दोनशे वर्षे ज्यांना त्या जागी एक दिवाही लावता आला नाही, त्यांनी तिची आठवण बापाकडून मुलाकडे पोचवली होती. पुढे १००९ मध्ये खलीफा अल्‌ हाकिमने मंदिर पाडले, १८०८ मध्ये आग लागली, १९२७ मध्ये भूकंप झाला, आणि १९४७ मध्ये इंग्रज सरकारने कबरीवरची वास्तू लोखंडी तुळयांनी आवळून धरली. त्या तुळया २०१७ पर्यंत तशाच होत्या. अथेन्सच्या तंत्रविद्यापीठाच्या देखरेखीखाली दुरुस्ती झाली त्या वेळी, २०१६ च्या ऑक्टोबरात, कबरीवरची संगमरवरी शिळा बाजूला करण्यात आली. तिच्याखाली दुसरी, भंगलेली शिळा निघाली, आणि खालचा चुना चौथ्या शतकाच्या मध्याचा, म्हणजे कॉन्स्टंटाइनच्या बांधकामाच्या काळचा ठरला. हे काम तिन्ही मोठ्या पंथांनी एकमताने होऊ दिले, ही गोष्ट मला त्या चुन्याइतकीच मोलाची वाटते.

ह्या मंदिराच्या किल्ल्या एका मुसलमान घराण्याकडे असून दार उघडण्याचा मान दुसऱ्या मुसलमान घराण्याचा आहे, हे तू ऐकले असशीलच. मी पहाटे तो विधी पाहिला. शिडी लावून वरचे कुलूप उघडणाऱ्या त्या गृहस्थाच्या चेहऱ्यावर जो गंभीर आदर होता, तो पाहून परधर्मीयाच्या हाती आपले पवित्र दार आहे ह्याचा खेद करण्याचे मला काही कारण दिसले नाही.

तुझा प्रश्न होता, जागा खरी कशावरून. माझा निवाडा असा: सनद नाही, पण वहिवाट अखंड आहे आणि चतुःसीमा जुळतात. माझ्या कचेरीत एवढ्यावर मी नोंद मंजूर केली असती.

तुझा,
भाऊ

तिबिर्या

तीर्थस्वरूप आक्कास सप्रेम सलाम.

गालीलच्या सरोवराला कोणाच्या वाटणीची रेघ नाही, म्हणून येथे श्वास मोकळा झाला. एकवीस किलोमीटर लांब, समुद्रसपाटीच्या दोनशे मीटरहून अधिक खाली. पश्चिमेच्या घळींतून वारा एकाएकी उतरतो आणि पाणी खवळते. १९८६ साली अवर्षणात पाणी हटले तेव्हा चिखलात पहिल्या शतकातील एक मचवा सापडला. पेत्राच्या होडीविषयी आपण जे काही कल्पीत होतो ते सारे त्या आठ मीटर लाकडापुढे पुसट झाले.

कफर्णहूम काळ्या दगडाचे आहे, आपल्या दख्खनच्या पाषाणासारख्याच. पेत्राचे घर म्हणून जे दाखवतात त्याची हकीकत मोठी उद्‌बोधक आहे. साध्या घराची एक खोली. पहिल्या शतकाच्या अखेरीस तिच्या भिंतींना गिलावा झाला, स्वयंपाकाची भांडी नाहीशी होऊन दिवे उरले, मग यात्रेकरूंनी भिंतीवर प्रार्थना कोरल्या, आणि पाचव्या शतकात त्या खोलीभोवती अष्टकोनी मंदिर उभे राहिले. चूल विझली आणि उपासना सुरू झाली, तो क्षण तेथे मातीच्या थरात वाचता येतो.

त्याच आवारात मागून मराठी कानी आली! दिमोनाहून सहलीस आलेल्या बेने इस्राएल स्त्रियांचा तो मेळा होता. त्यांतली एक वयोवृद्ध बाई, लहानपणी पेणहून आलेली, माझा हात धरून म्हणाली, "नगरचे का तुम्ही? आमच्या आत्याचं सासर पुण्याला होतं." ह्या लोकांची परंपरा सांगते, की पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले तेव्हा ग्रंथ बुडाले, भाषा गेली; उरले ते काही मोजके नेम, आणि त्यांतला एक, शनिवारी घाणा चालवायचा नाही. म्हणून कोकणाने त्यांना शनवार तेली म्हटले. कागद एकही नव्हता. येथे आल्यावर कित्येक वर्षे त्यांच्या यहुदीपणाविषयी शंका घेण्यात आली, आणि १९६४ मध्ये सरकारने त्यांना सर्वार्थाने यहुदी मानले तेव्हा कोठे तो वाद मिटला. बाईने मला डब्यातली गूळपोळी दिली. मी तिला येशूविषयी काही बोललो नाही. तिने विचारलेही नाही. पण पेत्राच्या घरापाशी पेणच्या बोलीत झालेले ते संभाषण मला ह्या यात्रेतले एक भाग्य वाटते.

तुझा,
भाऊ

नाब्लुस

तीर्थस्वरूप आक्कास सप्रेम सलाम.

याकोबाची विहीर आज ग्रीक मंदिराच्या तळघरात आहे. सुमारे चाळीस मीटर खोल, काठावर दोराने घासून पडलेल्या खोबणी. यहुदी, शोमरोनी, ख्रिस्ती, मुसलमान, चौघेही ह्या विहिरीविषयी एकवाक्य आहेत. विहीर जागची हलत नाही. पुण्यभूमीत ह्याहून निर्विवाद स्थळ मी पाहिले नाही.

आणि प्रभूने नेमके येथेच सांगितले, की पित्याची उपासना ह्या डोंगरावर नव्हे आणि यरुशलेमातही नव्हे, अशी वेळ येत आहे! बाबांच्या शिकवणीचे मूळ येथे आहे. मी कठड्याशी बसून योहानाचा चौथा अध्याय पुन्हा वाचला, तेव्हा आजवर सुटलेली एक गोष्ट दिसली. शोमरोनी बाई आधी आपला हक्क सांगते: ही विहीर आमच्या बापाने, याकोबाने दिली; तो प्याला, त्याची मुले प्याली, गुरे प्याली. हा तर उघड वतनाचा जबाब आहे. प्रभू तिचा दावा खोडून काढीत नाही. तो परक्या गावच्या, परक्या पंथाच्या विहिरीवर, पोहरा नसलेला, तहानेने व्याकुळ झालेला माणूस आहे, आणि त्याने तिच्याकडे पाणी मागितले आहे. ज्यांच्याकडे वहिवाट आहे त्यांनी, नसलेल्याला, पाणी द्यावे. एवढ्यावरूनच सारे संभाषण निघते. बेथलेहेमच्या झाडूंनी मला जो त्रास दिला होता त्याचे उत्तर मला मिळाले, आणि त्या भिंतीने दिलेल्या त्रासाचेही.

समोर गरिज्जीम डोंगर आहे. शोमरोनी लोक हजाराच्या आत उरले आहेत, पण दर वर्षी वल्हांडणाला त्या माथ्यावर ते अजून कोकरे अर्पण करतात. तेथल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाने आपली प्राचीन लिपी मला वहीत लिहून दाखवली. ते पान तुझ्यासाठी जपून ठेवले आहे.

विहिरीवरच्या सेवकाने पोहरा ओढून प्रत्येकाला पाणी दिले, कोण कुठला हे न विचारता. ते थंड आणि गोड आहे. उद्या पुलावरून अम्मानला, आणि तेथून मुंबई. पाळकसाहेबांना सांग, आगमनकाळातल्या एका रविवारी ह्या अध्यायावर बोलण्याची माझी इच्छा आहे. आणि मादबाच्या नकाशाचे मोठे चित्र घेतले आहे, ते शब्बाथशाळेच्या भिंतीवर लावण्यास परवानगी असावी.

तुझा,
भाऊ