शाळा सुटल्यावर गणित कुठे शिकावे?

मला गणित आवडते. पण शाळेतला गणिताचा तास लवकर संपतो. म्हणून शाळा सुटल्यावर आणखी गणित शिकावे असे मला वाटत होते. ते कुठे शिकावे हे ठरवायला आमच्या घरी पंधरा दिवस लागले. त्याचीच ही हकिकत आहे.

माझी मैत्रीण दर्यापूरला अबॅकसच्या क्लासला जाते. अबॅकस म्हणजे मण्यांची पाटी. तिच्या चौकटीत उभ्या काड्या असतात. प्रत्येक काडीवर वर एक मणी आणि खाली चार मणी असतात. वरचा मणी पाचाचा आणि खालचे एकेकाचे. जपानात अशा पाटीला सोरोबान म्हणतात. मैत्रीण आता पाटी न घेताच हवेत बोटे हलवते आणि बेरीज सांगते. ते पाहून मला फार नवल वाटले. मी घरी येऊन म्हटले, "मले बी क्लासले जायचं हाय."

बाबा म्हणाले, "जाय. पैशाचं पाहू." आमच्या भागात गाडगेबाबांचे फार ऐकतात. ते शेंडगावचे. शेंडगाव आमच्या शेजारच्या तालुक्यात आहे. घरात काही नसले तरी मुलांना शिकवा, असे ते सांगत. म्हणून बाबा शिकण्याला कधी नाही म्हणत नाहीत. पण आई काही बोलली नाही. ती चूल फुंकत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले, "तुला गणित आवडते ना? मग आधी क्लासचाच हिशेब मांडून आण."

मी पाटीवर हिशेब मांडला. क्लासची फी महिन्याला ७०० रुपये. क्लास शनिवारी दुपारी आणि रविवारी, म्हणजे महिन्यात ८ दिवस. एसटीचे पूर्ण तिकीट २५ रुपये. माझे अर्धे तिकीट. २०२३ पासून बायांनाही एसटीत अर्धे तिकीट आहे, म्हणून सोबत येणाऱ्या आईचेही अर्धे. दोघींचे मिळून एक पूर्ण तिकीट झाले. जाऊन येऊन ५० रुपये. ८ दिवसांचे ४००. फी आणि भाडे मिळून महिन्याचे ११०० आणि दहा महिन्यांचे ११,००० रुपये.

आमचा कापूस ७२०० रुपये क्विंटलने मागितला होता. दीड क्विंटलचे १०,८०० होतात. म्हणजे माझा क्लास दीड क्विंटल कापसापेक्षा जास्त झाला. आई दिवसाला २५ किलो कापूस वेचते. दीड क्विंटल म्हणजे १५० किलो. तिचे सहा दिवसांचे वेचणे झाले. आणि शनिवार-रविवारचे वेचणे बुडेल ते वेगळेच. आई का बोलली नाही ते मला तेव्हा कळले. मला रडू आले. पण मी कोणाला दाखवले नाही.

त्याच आठवड्यात कापूस घ्यायला व्यापारी आला. अंगणात काटा लावला. वजन १७५ किलो भरले, म्हणजे पावणेदोन क्विंटल. व्यापाऱ्याने मोबाईलवर हिशेब केला आणि म्हणाला, "अकरा हजार तीनशे चार."

आबाजी बाजेवर बसले होते. त्यांना आता नीट दिसत नाही. पण ते लगेच म्हणाले, "बाहत्तर पाऊण चोपन. बारा हजार सायशे होतेत भाऊ. तुमचा मोबाईल चुकला."

व्यापाऱ्याने पुन्हा हिशेब केला. त्याने १.७५ च्या जागी १.५७ दाबले होते. तो म्हणाला, "व्हय बाबाजी, माह्यंच चुकलं." त्याने पूर्ण पैसे दिले. फरक १२९६ रुपयांचा होता! तेवढ्यात माझी एका महिन्याची फी आणि भाडे भागले असते.

रात्री मी विचारले, "आबाजी, तुमी इतक्या लवकर कसं सांगतलं?"

ते म्हणाले, "आमच्या लहानपनी दिवे लागले का परवचा म्हना लागे. नुसते पाढे नाई. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, समदं."

मग त्यांनी मला समजावून सांगितले. पावकी म्हणजे पाव भागाचा पाढा. निमकी अर्ध्याचा, पाऊणकी पाऊणचा, सवायकी सव्वाचा आणि दिडकी दीडचा. ७२ चा पाव १८. ७२ मधून १८ गेले की ५४ राहतात, ती झाली पाऊण. म्हणून ७२०० ची पाऊण ५४००. त्यात ७२०० मिळवले की १२,६०० होतात. मला अपूर्णांक पुस्तकात अवघड वाटत होते. त्या रात्री ते बाजेवरच कळले.

शाळेत गुरुजी शिष्यवृत्तीचे जादा तासही घेतात. त्याला फी नाही. ही परीक्षा पूर्वी चौथीला होती. २०१७ पासून ती पाचवीला झाली. २०२५ साली शासनाने ती पुन्हा चौथीला घ्यायचे ठरवले. पहिल्या पेपरात भाषेचे २५ आणि गणिताचे ५० प्रश्न असतात. वेळ दीड तास. ९० मिनिटांत ७५ प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला १ मिनिट १२ सेकंद. मला घाईची भीती वाटे, म्हणून मी जादा तासाला बसत नव्हते. गुरुजी म्हणाले, "आधी समजून सोडव. घाई मागून येते."

गुरुजींनी आम्हाला काप्रेकरांची गोष्ट सांगितली. द. रा. काप्रेकर १९०५ साली डहाणूला जन्मले. ते देवळालीला शाळेत शिक्षक होते. आकड्यांशी खेळता खेळता त्यांना एक गंमत सापडली. चार अंकी संख्या घ्यायची. चारही अंक सारखे नकोत. अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडायचे, मग उलटे मांडायचे आणि वजाबाकी करायची. जे उत्तर येईल त्याचे पुन्हा तसेच करायचे. मी कापसाचा भाव घेतला.

७२०० − ००२७ = ७१७३
७७३१ − १३७७ = ६३५४
६५४३ − ३४५६ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

पुढे कितीही वेळा केले तरी ६१७४ च येते. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तिथे पोचतोच. या संख्येला जगात काप्रेकर स्थिरांक म्हणतात. हे शोधायला त्यांना कागद आणि पेन्सिल पुरली.

मग मी बाबांना सांगितले, "मी क्लासले नाई जात." बाबा म्हणाले, "पैशासाठी नाई म्हनतं का?" मी म्हटले, "थोडं पैशासाठी. पन मले कावून तसं होते ते इचारायचं असते. गुरुजी अन आबाजी सांगतात."

आता शाळा सुटल्यावर मी जादा तासाला बसते. दिवे लागले की आबाजींजवळ परवचा म्हणते. रविवारी संध्याकाळी मैत्रीण क्लासहून आली की मला मणी शिकवते आणि मी तिला पाऊणकी शिकवते. आम्ही तुरीच्या काड्या आणि जुन्या माळेचे मणी घेऊन पाटी केली आहे. क्लास वाईट नाही. मैत्रीण बेरजेत माझ्याहून पुष्कळ पुढे आहे. मला अजूनही तिची रंगीत पाटी हवीशी वाटते. पण आईने शनिवारी वेचणी बुडवावी असे वाटत नाही.

मित्रांनो, कुठे शिकायचे हे ठरवताना तीन गोष्टी पाहा. तिथे आपल्याला कळते का? न कळले तर विचारता येते का? आणि घरच्यांना परवडते का? हा हिशेब आपला आपण मांडावा.

तुम्हीही एक चार अंकी संख्या घ्या आणि ६१७४ पर्यंत किती वजाबाक्या लागतात ते मोजा. काप्रेकरांचे जन्मसाल १९०५ घेतले तर किती लागतात ते मला माहीत आहे. पण सांगणार नाही.

— इयत्ता चौथी