सुट्टीतली भुतं

जपानात भूतकथा उन्हाळ्यात ऐकतात. जुलैच्या उत्तरार्धात शाळांना सुट्टी लागते, ऑगस्टमध्ये ओबोन येतो. तेव्हा पूर्वज घरी परततात अशी समजूत. ध्वनिनाट्यातली भुतंही मग सुट्टीतच भेटतात. मला ती आवडतात. भीती डोळ्यांपेक्षा कानांना लवकर कळते. लाफ्काडिओ हर्नच्या 'क्वैदान'मधल्या (१९०४) आंधळ्या होइचीच्या अंगभर भिक्षू सूत्र लिहितात, कान तेवढे राहतात, अन् भूत नेमके तेच तोडून नेतं!

पण ओबोनपाशी मन अडखळतं. त्याचं मूळ मोग्गल्लान स्थविरांनी प्रेतयोनीतल्या आईला सोडवल्याच्या कथेत सांगतात. आपल्या वाडवडिलांनी तर १९५६ साली नागपुरात श्राद्ध-पिंडदान सोडलं.

"पप्पा, मग ते बौद्ध नाहीत का?" धाकटीने विचारलं.

आहेत, म्हटलं. पुढचं अजून जुळवतोय.