महारोहिणी

आमच्या शाळेच्या पुस्तकात तिचं नाव महारोहिणी असं होतं. पुढे कुणी तिची महाधमनी केली, डॉक्टर मंडळी एओर्टा म्हणतात. मला आपलं जुनं नावच घरचं वाटतं. हृदयाच्या डाव्या कप्प्यातून निघायचं, छातीत छत्रीच्या मुठीसारखं वळायचं, पाठीच्या कण्याला खेटून खाली उतरायचं आणि बेंबीच्या आसपास दोन पायांसाठी दोन फाटे फोडायचे, हा तिचा मार्ग. मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त. आमच्या नळाला पहाटेसुद्धा एवढी धार नसते! ठोका देऊन हृदय क्षणभर दम खातं, तेव्हा ठोक्यासरशी ताणलेली ही बाई पुन्हा आवळते आणि रक्त पुढे ढकलते. तरी कविता सगळ्या हृदयावर. हिच्यावर एकही माझ्या वाचनात नाही.

गेल्या वर्षी मुतखडा शोधायला माझी सोनोग्राफी केली. खडा नव्हता, पण पोटातली महारोहिणी फुगलेली निघाली. 2 सेंटिमीटरच्या जागी 4.2.

"साडेपाचला ऑपरेशनचं बघू. तोवर दर वर्षी मोजायची," डॉक्टर म्हणाले.

"अहो, पण दुखत नाही ना?" सौ.ने विचारलं.

दुखत नाही, हीच तर मेख आहे. दुखते ती बहुधा फुटायच्या सुमारास.

आइन्स्टाइनची हीच फुगली होती. 1948 साली डॉ. निसेन यांनी तिच्याभोवती चक्क सेलोफेन गुंडाळला. त्यावर त्याने सहा वर्षांहून जास्त काळ काढला. 1955 च्या एप्रिलात ती फुटली तेव्हा त्याने ऑपरेशनला साफ नकार दिला. सापेक्षतावाद मला कळत नाही, पण हे दुखणं आम्हा दोघांचं सारखं.

सौ.ला मात्र अमेरिकेतले डॉ. डीबेकी आवडले. नायलॉन आणायला गेले, दुकानात संपलेलं, म्हणून डेक्रॉन घेऊन आले. डेक्रॉन म्हणजे आपल्या टेरिलीनचं भावंड. 1950 नंतरच्या त्या काळात, बायकोच्या शिलाई मशीनवर बसून, या गृहस्थाने त्याची कृत्रिम रक्तवाहिनी शिवली! पुढे 97 व्या वर्षी त्यांचीच महारोहिणी आतून चिरली. 2006 मध्ये ऑपरेशन झालं, तशीच डेक्रॉनची नळी बसवली आणि गृहस्थ 99 पर्यंत जगले.

"शिवण कुणी शिकवलं त्यांना?"

"आईने."

"तरीच!"

पुढची मोजणी दिवाळीनंतर आहे. परवा हिने माळ्यावरचं मशीन खाली काढून तेल घातलं. विचारलं तर म्हणाली, "उशांचे अभ्रे शिवायचेत."

अभ्रे अजून शिवलेले नाहीत.