मामाचा क्लब

आपल्या अंकासाठी काहीतरी लिहून पाठव, असा सरांचा निरोप आला तेव्हा मी थोडा गोंधळलोच. बेळगाव सोडून भोपाळात आलो त्याला पुष्कळ वर्षे झाली. इथल्या अरेरा कॉलनीत आयुष्य कसे रुळावरून चालले आहे. सकाळी बँक, संध्याकाळी दहा नंबर स्टॉपवरची भाजी. त्यात लिहिण्यासारखे काय असणार? पण एक प्रश्न मनात बरेच दिवस घर करून आहे, तोच सांगतो.

आमच्या घरामागे एक छोटे मैदान आहे. तिथे कॉलनीतली मुले फुटबॉल खेळतात. प्रत्येकाच्या पाठीवर सातासमुद्रापलीकडच्या कुणा खेळाडूचे नाव. एकदा धाकट्याने विचारले, "बाबा, तुमचा क्लब कोणता?" मी अगदी सहज म्हणालो, "साळगावकर." तो पोट धरून हसला. "बाबा, हे तर आडनाव आहे!"

आडनावच आहे, त्याचे खोटे नाही. गोव्यात पोर्तुगीजांचा अंमल असताना, 1956 साली, खाणमालक साळगावकरांच्या उद्योगाच्या आश्रयाने वास्कोत हा क्लब उभा राहिला. पुढे धेंपो, चर्चिल ब्रदर्स असे आणखी क्लब आले, त्यांचीही नावे घराण्यांचीच. पण माझ्या लेखी तो क्लब ना खाणीचा होता, ना मालकाचा. तो माझ्या मामाचा होता.

मामा मुरगाव बंदरात कारकून. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही लोंड्याहून मीटरगेजच्या गाडीने दूधसागर बघत वास्कोला जायचो. मामा बोलायला फार कमी. परंतु टिळक मैदानावर पाऊल टाकले की त्याच्या तोंडाला कुलूप म्हणून राहत नसे. ब्रह्मानंद शंखवाळकर गोलात उभे असत. भारताचे कप्तानपद भूषविलेला हा माणूस आपल्या मामाच्या क्लबचा गोलरक्षक आहे, याचा मला एवढा अभिमान वाटे की शाळेत गेल्यावर मी तो माझा लांबचा नातेवाईक असल्याचेही ठोकून दिले होते!

1988 साली साळगावकरने फेडरेशन कप जिंकला. गोव्याच्या क्लबने तो जिंकण्याची ती पहिलीच वेळ. मी तेव्हा कॉलेजात होतो. चार दिवसांनी मामाचे कार्ड आले. क्षेमकुशल नाही, आशीर्वाद नाहीत. मधोमध दोनच शब्द, "आपण जिंकलो." पुढच्या वर्षी तोच कप पुन्हा आला आणि कार्डही पुन्हा तसेच आले.

त्या 'आपण'चा अर्थ मला तेव्हा कळला नाही. मामाने कधी चेंडूला पाय लावलेला नव्हता. क्लबच्या नोकरीत तर तो मुळीच नव्हता. तरी त्याच्या तोंडी सदा 'आपण'.

1998-99 मध्ये शब्बीर अली यांच्या मार्गदर्शनाखाली क्लबने राष्ट्रीय लीग जिंकली. मी तोवर भोपाळात होतो. 2011 साली करीम बेंचरीफा यांच्या हाताखाली आय-लीग आणि फेडरेशन कप ही दोन्ही विजेतेपदे मिळाली. या वेळी कार्डाऐवजी फोन आला. "एकदा ये रे. दोघे बसून मॅच बघू." मी म्हणालो, "पुढच्या वर्षी नक्की." पुढच्या वर्षी ऑडिट होते. त्याच्या पुढच्या वर्षी बढतीची परीक्षा. माणसाला कारणांची वाण कधीच पडत नाही.

2016 साली फुटबॉल महासंघाने इंडियन सुपर लीगला वरचे स्थान देऊन आय-लीग खाली ढकलण्याची योजना मांडली. तिच्या निषेधार्थ साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. मागोमाग धेंपोही बाहेर पडला. साळगावकर गोव्याच्या लीगमध्ये खेळत राहिला, पण देशाच्या मैदानावरून ते नाव गेले. मी घाईघाईने मामाला फोन केला. "मामा, या दिवाळीत येतो." तो शांतपणे म्हणाला, "आता कशाला येतोस?" त्यात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते. दोन वर्षांनी मामा गेला. मॅच राहिलीच.

आमच्या शेजारी एक निवृत्त मास्तर राहतात. भोपाळच्या हॉकीला एके काळी नवाबांचा आश्रय होता. तो काळ सरला. पण 1975 च्या विश्वचषकात, मलेशियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात, इथल्या अस्लम शेर खान यांनी गळ्यातल्या ताईताचे चुंबन घेऊन बरोबरीचा गोल मारला, ही हकीकत मास्तर आजही परवा घडल्यासारखी सांगतात आणि शेवटी म्हणतात, "हम जीत गए थे." तेच 'आपण'!

मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका देशात सप्रिसा नावाचा क्लब आहे. 1935 साली गल्लीतल्या पोरांसाठी तो निघाला आणि गणवेशासाठी मदत करणाऱ्या रिकार्डो सप्रिसा या गृहस्थाचे आडनाव त्याने घेतले. तोच क्लब 2005 साली जपानमध्ये जगातल्या क्लबांच्या स्पर्धेत तिसरा आला. म्हणजे क्लबला आडनाव असणे हसण्यासारखे नाही. पैसा मालकाचा असतो, तो एके दिवशी थांबू शकतो. त्या आडनावाला 'आपण' म्हणणारी माणसे मात्र कुणी नेमलेली नसतात, म्हणून त्यांना कुणी काढूनही टाकू शकत नाही.

धेंपो 2024 साली पुन्हा आय-लीगमध्ये आला. बातमी वाचून माझा हात नकळत फोनकडे गेला. क्लब मामाचा नव्हता, पण त्याला आनंद झाला असता. मग आठवले आणि हात मागे घेतला.

मित्रहो, तुमच्याही घरी असा कुणी मामा असेल. त्याने मॅचला बोलावले तर ऑडिट बाजूला ठेवा. धाकट्याला मी सांगितले आहे, या सुट्टीत आपण वास्कोला जायचे. सामना कुणाचाही असो, टिळक मैदानावर बसायचे. दोघांच्या मध्ये एक जागा मोकळी ठेवून.